शिष्यवृत्ती संपते तेव्हा

नमस्कार मंडळी. आपल्या शिष्यवृत्तीच्या माजी विद्यार्थ्यांनी काय काय केलं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. ऊर भरून आला. मला मात्र त्यांच्या बायोडेटात कुठेच न दिसणाऱ्या काळाबद्दल बोलायचंय. पैसे संपलेले असतात आणि काम अर्ध्यावर असतं, तो काळ.

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तकं टॉर्पेडोच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली. ज्या माणसाने पोटाला चिमटा काढून ग्रंथ जमवले, त्याचं काय झालं असेल!

पण लंडन विद्यापीठाने एक दार उघडं ठेवलं होतं. चार वर्षांच्या आत परत या आणि अभ्यास पुरा करा, अशी मुभा दिली होती. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत झाली, एका मित्राने उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला पोचले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध. दोनच वर्षांनी ते भारताच्या चलनव्यवस्थेचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देत होते. ती मुभा नसती तर? हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात भाग घेणारं एक प्रथिन, शोधलं. १९३९ साली पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. पुढे मायदेशी त्यांनी नीरेतल्या पोषक घटकांवर संशोधन केलं. जयंत नारळीकर १९५७ साली टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १९७२ साली परतले आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली ती १९८८ साली. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाल्यावर तब्बल एकतीस वर्षांनी! आपण मात्र वर्षभरात प्रगतिपुस्तक मागतो.

माझंच सांगते. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझे मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि माझं विद्यावेतन पाच महिने बंद पडलं. मी प्रबंधाची पानं बॅगेत भरली होती. तेव्हा याच मंडळातल्या एका काकूंनी घरातली मागची खोली उघडून दिली, भाडं घेतलं नाही, केव्हा संपणार असंही कधी विचारलं नाही. आज माझ्या प्रयोगशाळेत चार विद्यार्थी शिकतात. त्या काकूंचं नाव आपल्या देणगीदारांच्या पाटीवर नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक मागणी आहे. शिष्यवृत्ती निधीतला काही भाग नव्या निवडीसाठी न वापरता, ज्यांचं शिक्षण मधेच अडकलंय अशा आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा. त्यासाठी मुलाखत नको, गुणपत्रिका नको. एक फोन आणि मार्गदर्शकाचं पत्र पुरे. पहिला हप्ता मी आजच खजिनदारांकडे देते आहे.