आधी उशी, मग बाळ

माइक नंतर द्या, आधी मला एक उशी हवी. बाळाला अंगावर पाजायचं कसं, ते दाखवायचंय ना. आणि तो टॉवेल इकडे द्या. हा गुंडाळला की झालं आपलं बाळ. मान मात्र याला नाही, ती तुम्ही मनात धरा.

प्रसूती वॉर्डात मी ३१ वर्षं काढली. तिथं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं? "सिस्टर, हिला दूधच नाही." हे बाळंतीण क्वचित म्हणते. म्हणते ती तिची आई नाहीतर सासू, आणि तेही दुसऱ्याच दिवशी. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती? चहाचा चमचाभर. तेवढा चीक आईला येतो. पिवळसर, चिकट, थेंबाथेंबानं. इथं बसलेल्या निम्म्या जणी डेअरीला दूध घालतात. गाय व्याली की चिकासाठी शेजारपाजारचे भांडं घेऊन दारात येतात, खरवसाच्या वड्या पडतात. आणि सुनेचा चीक "वाईट दूध" म्हणून पिळून टाकायचा? दूध भरून येतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियन असेल तर कधी आणखी एखादा दिवस उशिरा. तोवर चीकच द्यायचा, तोही जन्मल्यापासून तासाभरात सुरू करून.

खरोखर दूध कमी पडणाऱ्या आयाही असतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कमी दिवसांच्या बाळांसाठी तर मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ सालीच मातृदूध पेढी सुरू झाली. पण माझ्यासमोर आलेल्या बहुतेक जणींचं दूध कमी नव्हतं, बाळानं धरलेलं चुकीचं होतं.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, चोखणं आणि लुचणं. गोळी आपण चोखतो. वासरू लुचतं. बाळानं लुचायला पाहिजे. नुसतं टोक तोंडात असलं तर ते जीभ आणि टाळूच्या कडक भागात चेंगरतं. मग भेगा पडतात, रक्त येतं, आणि दूध मात्र नीट निघत नाही. टोकाभोवतीचा काळा भाग, त्यातही खालच्या बाजूचा, तोंडात भरपूर गेला पाहिजे.

हे मी पुस्तकात वाचून परीक्षा पास झाले होते. तरी माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी पाचव्या दिवशी मी रडत बसले होते. दोन्ही बाजूंना भेगा. बाळ रडलं की माझ्याच पोटात गोळा यायचा. वॉर्डातल्या एक म्हाताऱ्या आयाबाई भेटायला आल्या, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, टोक कशाला देतीस त्येला? तोंडभर दे की!" मग बाळाला हात लावायच्या आधी माझ्या पाठीमागं उशी कोंबली. मी बाळावर अशी वाकून बसले होते, विहिरीत डोकावल्यासारखी.

म्हणून आधी उशी. पाठ टेकवा, पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट घ्या. मांडीवर दुसरी उशी, बाळ छातीच्या उंचीला येईल अशी. आपण बाळाकडे जायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं.

आता सगळ्यांनी मान खांद्याकडे वळवा आणि आवंढा गिळा. जड जातं ना? म्हणून बाळ उताणं ठेवून त्याची नुसती मान वळवायची नाही. अख्खं बाळ कुशीवर, त्याचं पोट आईच्या पोटाला. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्या. तळवा त्याच्या मानेखाली आणि खांद्याशी. डोक्यामागून दाबलं तर ते उलट मागं रेटतं. डाव्या हातानं स्तन खालून उचलून धरा, बोटं काळ्या भागापासून लांब. विडी धरल्यासारखं दोन बोटांत धरू नका.

टोक बाळाच्या नाकासमोर येऊ द्या, वरच्या ओठाला हलकं लावा आणि थांबा. इथंच सगळ्या घाई करतात. जांभईएवढं तोंड उघडलं की झटकन जवळ घ्या, हनुवटी आधी. हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग दिसलाच तर वर जास्त, खाली कमी. गालाला खळी पडत असेल तर ते चोखतंय. आधी भराभर ओढेल, मग संथ, आणि घुटका ऐकू येईल. दुखतच राहिलं तर ओढून काढू नका. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, सुटेल. पुन्हा लावा. दहादा लावावं लागलं तरी लावा.

सिझेरियनवाल्यांनी टाक्यांवर भार घेऊ नये. बाळ काखेत घ्यावं, पाय आपल्या पाठीकडे. काखेत कळसा म्हणतात तसं, फक्त गावाला वळसा नको! नाहीतर कुशीवर पडून, समोरासमोर. बाळाच्या तोंडाजवळ उशी-पांघरूण येऊ द्यायचं नाही.

छाती दाटून दगड झाली तर बाळाला धरताच येत नाही. हातानं थोडं दूध काढा, काळा भाग मऊ पडला की लावा. लाल झालं, ताप आला तर डॉक्टरकडे जा, पण पाजणं बंद करू नका.

गाय बुजली की पान्हा चोरते, हे तुम्हाला मी काय सांगू. मग पाचवीला खोलीत दहा बायका बसून "आलं का गं दूध?" विचारत असतील तर बाळंतिणीनं काय करावं? दार लावून घ्या. अळिवाचे लाडू जरूर द्या, मलाही आवडतात, पण दूध वाढतं ते रिकामं झाल्यावर.

पुरतंय की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा दुपटी ओली झाली पाहिजेत. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. तसं झालं नाही तर दाखवा. सहा महिने पाणी नाही, मध नाही, गुटीही नाही. हो आजी, उन्हाळ्यातसुद्धा नाही.

काय विचारलंत? रात्री उठवायचं का? सुरुवातीचे आठवडे बाळ आपणहून उठलं नाही तर तीन तासांनी उठवा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतं, त्यात रात्र आलीच. दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं.

आता त्या मागच्या, निळ्या साडीतल्या, आठवा लागलाय ना? इकडे या, हा टॉवेल धरा. आणि सासूबाई, तुम्ही कुठं बसून राहिलात? उशी तुम्ही लावायची आहे.