शिट्टी वाजण्याआधीचा अर्धा सेकंद

[दृश्य: बास्केटबॉलची मॅच. बास्केटजवळची धडक. चित्र थांबलेलं.]

हे चित्र इथेच थांबवू. चेंडू घेऊन आत घुसलेला खेळाडू हवेत आहे. समोर बचाव करणारा उभा आहे आणि दोघांच्या छात्या एकमेकींवर आदळल्या आहेत. बचाव करणारा आधीपासून पाय रोवून उभा होता, की शेवटच्या क्षणी सरकून आडवा आला? आधीपासून उभा असेल तर फाउल चेंडूवाल्याचा, चार्जिंगचा. आडवा आला असेल तर फाउल त्याचा स्वतःचा, ब्लॉकिंगचा. पंचाकडे हे ठरवायला अर्धा सेकंदसुद्धा नाही.

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिची मॅच ४८ मिनिटांची. मैदानावर पंच तीन. सहा फाउल झाले की खेळाडू बाहेर. पण सहाव्याची वाटच कोण बघतं? पहिल्या काही मिनिटांत दोन फाउल लागले की प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतो. चुकीच्या वेळी वाजलेली एक शिट्टी खेळाडूची सगळी संध्याकाळ बिघडवू शकते.

एवढ्या थोड्या वेळात माणूस विचार करत नाही. डोळ्यांनी टिपलं, हात आपोआप वर गेला. त्या ‘आपोआप’मध्ये काय काय मिसळलेलं असतं, हा आपला प्रश्न आहे. समोरच्या खेळाडूच्या कातडीचा रंगही त्यात असतो का?

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

३१ ऑक्टोबर १९५०. अर्ल लॉइड मैदानात उतरले. एनबीएच्या मॅचमध्ये खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्यानंतर चाळीसेक वर्षांत लीगचा चेहरामोहरा बदलला, बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय झाले. शिट्टी मात्र अजून बहुतेक वेळा गोऱ्या पंचांच्या हातात होती.

२ मे २००७. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर एका अभ्यासाची बातमी आली. अभ्यास करणारे दोघे होते. जस्टिन वुल्फर्स हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधले अर्थशास्त्रज्ञ, आणि जोसेफ प्राइस हे कॉर्नेलमध्ये पीएचडी करणारे विद्यार्थी. १९९१-९२ ते २००३-०४ अशा तेरा हंगामांची स्कोअरशीटं त्यांनी चाळली होती. कोणत्या मॅचमध्ये कोणता खेळाडू किती मिनिटं खेळला आणि त्याला किती फाउल लागले, अशा अडीच लाखांहून अधिक नोंदी.

इथे जरा थांबायला हवं. या आकड्यांची सरळ बेरीज केली तर उत्तर उलटंच येतं. मिनिटांच्या हिशेबात जास्त फाउल गोऱ्या खेळाडूंना लागत होते! त्यांच्यात उंच, धिप्पाड सेंटर खेळाडूंचं प्रमाण जास्त होतं. बास्केटखाली अंगावर अंग घेऊन खेळणाऱ्याला फाउल जास्त लागणारच. तेव्हा कुणी नुसता असा तक्ता दाखवून ‘बघा, भेदभाव आहे’ किंवा ‘बघा, नाही’ म्हणत असेल, तर त्या तक्त्यातून दोन्ही सिद्ध होत नाही.

प्राइस आणि वुल्फर्स यांनी म्हणून प्रश्नच वेगळा विचारला. एकच खेळाडू घ्या. आज त्याच्या मॅचला तिन्ही पंच गोरे आहेत. चार दिवसांनी दोन गोरे, एक कृष्णवर्णीय. पुढे कधीतरी तिघेही कृष्णवर्णीय. खेळाडू तोच, त्याची उंची तीच, खेळण्याची ढब तीच. पंच बदलले की त्याचे फाउल बदलतात का? आणि हा बदल गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये वेगवेगळा दिसतो का? पंचांची नेमणूक करताना कोणत्या संघात कोणत्या वर्णाचे किती खेळाडू आहेत हे पाहिलं जात नव्हतं. त्यामुळे कुणी न मांडताही हा एक प्रयोग वर्षानुवर्षं चालू होता. त्याचा हिशेब तेवढा कुणी केला नव्हता.

हिशेब असा निघाला. पंच आपल्याच वर्णाचे असले की खेळाडूला लागणारे फाउल सुमारे चार टक्क्यांपर्यंत कमी होत. त्याचे गुणही अडीच टक्क्यांपर्यंत वाढत.

चार टक्के म्हणजे ४८ मिनिटांच्या खेळामागे जेमतेम एक पंचमांश फाउल. प्रेक्षकाला हा फरक कधीच दिसला नसता. खेळाडूलाही नाही, आणि मला वाटतं, स्वतः पंचालाही नाही. पण मैदानावर एका वेळी दहा जण असतात आणि एका हंगामात एक संघ ८२ मॅचेस खेळतो. कण जमत गेले, आणि संघ जिंकण्याची शक्यताच पंचांच्या वर्णाप्रमाणे मोजता येईल इतकी सरकू लागली.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊ. या गणितातून पंचांची नियत कळत नाही. ते आपल्या वर्णाच्या खेळाडूला सांभाळून घेत होते, की दुसऱ्याशी अधिक कडक वागत होते, हेही त्यातून सुटं करता येत नाही. एकाही पंचाने हे जाणूनबुजून केल्याचा पुरावा या अभ्यासात नाही. मला या निष्कर्षातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. हजारो प्रेक्षक, डझनावारी कॅमेरे, निवडून घेतलेले आणि सतत तपासले जाणारे पंच. एवढ्या उजेडातही ते घडत राहिलं. मग जिथे कॅमेरा नाही, स्कोअरशीट नाही, अशा मुलाखतीच्या खोलीत किंवा पोलीस चौकीत काय होत असेल?

[दृश्य: पत्रकारांसमोर डेव्हिड स्टर्न]

एनबीएचे तेव्हाचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, डेव्हिड स्टर्न यांनी निष्कर्ष साफ फेटाळले. लीगचा एक आक्षेप रास्त होता. संशोधकांच्या हातातल्या स्कोअरशीटवर तीन पंचांची नावं होती, पण नेमकी कोणी शिट्टी वाजवली हे नव्हतं. लीगकडे ते होतं. नोव्हेंबर २००४ ते जानेवारी २००७ या काळातल्या १,४८,००० निर्णयांवर लीगने स्वतःचा अभ्यास करवून घेतला आणि भेदभाव दिसत नसल्याचं सांगितलं. पण मूळ नोंदी प्राइस आणि वुल्फर्स यांना दिल्या नाहीत. पंचांशी केलेल्या गोपनीयतेच्या कराराचं कारण पुढे केलं. ‘टाइम्स’ने तीन बाहेरच्या तज्ज्ञांना दोन्ही अभ्यास दाखवले, तेव्हा त्यांना प्राइस आणि वुल्फर्स यांची पद्धत अधिक भक्कम वाटली. तोच अभ्यास २०१० मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

आता यापुढचं वळण. हा विषय मला सोडवत नाही तो यामुळेच.

काही वर्षांनी प्राइस आणि वुल्फर्स यांनीच अर्थशास्त्रज्ञ डेव्हिन पोप यांना सोबत घेऊन पुन्हा मोजलं. बातमी येण्याआधीच्या हंगामांत, २००३ ते २००६ या काळात, झुकाव पूर्वीइतकाच होता. बातमी गाजल्यानंतरच्या, २००७ ते २०१० च्या हंगामांत तो दिसेनासा झाला. पंचांच्या नेमणुकीची रीत बदलली नव्हती. या कारणासाठी कुणाला शिक्षा झाली नव्हती, वेगळं प्रशिक्षण नव्हतं. फक्त गोष्ट चारचौघांत बोलली गेली होती.

एवढ्यावरून लगेच हुरळून जाता येत नाही. त्याच उन्हाळ्यात, जुलै २००७ मध्ये, पंच टिम डोनाही याचं सट्टेबाजीचं प्रकरण उघडकीला आलं. त्याचा वर्णाशी काही संबंध नव्हता, पण त्यानंतर सगळ्याच पंचांवरची नजर कडक झाली. झुकाव कशाने गेला, बातमीने की या नजरेने, हे पूर्ण वेगळं काढणं अवघड आहे.

नजरेचं बळ बेसबॉलमध्येही दिसलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या वर्णाचा असला की अंपायर ‘स्ट्राइक’, म्हणजे त्याच्या बाजूचा निर्णय, जास्त देतात असं आढळलं. पण ज्या मैदानांवर निर्णय तपासणारे कॅमेरे बसवले होते, तिथे हा फरक नव्हता. क्रिकेट बघत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे नवीन नाही. यजमान देशाचे अंपायर आणि पाहुण्या फलंदाजाचा एलबीडब्ल्यू, यावरून घराघरांत किती वाद झाले! कसोटीत दोन्ही अंपायर तटस्थ देशांचे असावेत असा नियम २००२ मध्ये आला, तो त्याच संशयातून.

[दृश्य: पुन्हा तीच धडक. चित्र पुढे सरकतं.]

एनबीए आता अटीतटीच्या मॅचेसच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या पंचांच्या निर्णयांचा अहवाल जाहीर करते. मार्च २०१५ पासून. कोणता निर्णय बरोबर, कोणता चूक, हे दुसऱ्या दिवशी कुणालाही वाचता येतं. आणि लीगच्या संकेतस्थळावर मॅचची क्षणाक्षणाची नोंद असते. त्यात फाउल कोणाचा, कितवा, हे लिहिलेलं असतं. त्याच ओळीत, कंसात, आणखी एक नाव असतं.

शिट्टी वाजवणाऱ्या पंचाचं.