आधी तोंडात, मग हातात

[पडद्यावर: लाकडी जमीन. मांडी घालून बसलेली मुलं. वाद्यं भिंतीशी रचून ठेवलेली.]

दंग, गिदक, कुंग, दरररर.
कुंग, गिदक, कुंग, दरररर.

दक्षिण कोरियातल्या एका प्राथमिक शाळेत संगीताचा तास चालू आहे. मुलं नऊ-दहा वर्षांची. हातात काही नाही. मांडीवर थापा पडतायत आणि तोंडानं बोल चाललेत. तबला शिकलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही गुरुजी आधी ठेका तोंडानं म्हणून घेतात, हाताची पाळी नंतर येते. कोरियन भाषेत या बोलांना म्हणतात 'गुउम'. म्हणजे तोंडाचा आवाज.

हे बोल 'जांगू' नावाच्या ढोलाचे, आणि हे साम्य वरवरचं नाही. 'दंग' म्हणजे दोन्ही हात एकदम, आपल्या 'धा'सारखे. 'कुंग' म्हणजे एकटा डावा. 'दक' म्हणजे एकटा उजवा. 'गिदक'मध्ये मुख्य आघाताच्या आधी काठी कातड्याला निसटती शिवून जाते. आणि 'दरररर'? काठी सैल सोडायची, मग ती आपणहून थरथरत उसळते. मुलांचा हा सगळ्यात लाडका बोल आणि सगळ्यात जास्त चुकणाराही हाच, कारण आवडीच्या भरात मूठ घट्ट होते.

हा ठेका आहे 'गुतगोरी'. बारा मात्रा, तीन-तीनचे चार विभाग. प्रत्येक विभागात पहिला बोल लांब, दुसरा आखूड. या लांब-आखूडमुळे ठेका डुलतो. वही उघडून मात्रा मोजायला लावलं, तर हे डुलणं नऊ वर्षांच्या मुलाला सांगायचं कसं? बोल म्हणताना मात्र त्याची मान आपोआप हलायला लागते.

[पडद्यावर: मुलं दोघं-दोघं मिळून वाद्यं उचलून आणतात.]

आता जांगू येतो. मध्ये बारीक कंबर, दोन्हीकडे तोंडं; डमरू खूप मोठा करून आडवा ठेवावा तसा. डावीकडचा आवाज खर्जातला, उजवीकडचा टणक. दोन्ही तोंडं दोरीनं आवळलेली, आणि दोरीवर कातड्याचे छोटे पट्टे. ते सरकवले की ताण बदलतो. ढोलकीच्या कड्या सरकवणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. लोकगीताच्या साथीला बसून वाजवताना डावा हात उघडा, उजव्या हातात बांबूची बारीक काठी. शेतकऱ्यांच्या 'नोंगाक'मध्ये हाच जांगू अंगाला बांधून नाचतात, तेव्हा डाव्या हातातही काठी येते, टोकाला गोळा असलेली.

तास 40 मिनिटांचा असतो. त्यात वाद्यं काढायची, बसायचं, वाजवायचं, परत ठेवायची. शिक्षकांनी पहिली दहा मिनिटं तोंडाच्या बोलांना दिली, ती मला सगळ्यात मोलाची वाटतात. ज्या मुलांच्या जिभेवर ठेका बसला, त्यांचा हात चुकला तरी लगेच सावरतो. बाकीची मुलं शेजाऱ्याच्या हाताकडे बघत बसतात.

[पडद्यावर: दान्सो, अगदी जवळून.]

जांगू निदान पहिल्या थापेला उत्तर देतो. दान्सो तसं करत नाही.

ही उभी धरायची बासरी, साधारण 40 सेंटीमीटरची. पुढे चार भोकं, मागे एक. वरच्या टोकाला अर्धगोल खाच. खालच्या ओठानं नळीचं तोंड जवळजवळ झाकायचं आणि फुंकर नेमकी त्या खाचेच्या कडेवर फोडायची. रेकॉर्डरमध्ये हवेची वाट आतच कोरलेली असते. फुंकलं की वाजलं. इथे ती वाट ज्याची त्याला शोधावी लागते. काहींना पहिल्या दिवशी सापडते, काहींना कित्येक तास नुसती हवाच ऐकू येते. फुंकून फुंकून डोकं गरगरतं. काळ्या बांबूची दान्सो सुंदर असते, पण वर्गात बहुतेक प्लॅस्टिकची चालते. स्वस्त, न तडकणारी. त्यात मला काही गैर वाटत नाही. गैर वाटतं ते आवाज सापडायच्या आत परीक्षा घेण्याचं. ज्या मुलाची फुंकर अजून वाट शोधते आहे, त्याला त्या वेळी गुण कसले द्यायचे?

तिच्या सुरांचं लेखनही बघण्यासारखं आहे. गणिताच्या चौकटीच्या वहीसारखे उभे रकाने, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायचे. एक चौकट म्हणजे एक मात्रा. चौकटीत स्वराचं नाव: जुंग, इम, मू, ह्वांग, ते. ही पद्धत पंधराव्या शतकातल्या राजा सेजोंगची. कोरियन लिपी घडवणारा राजा तो हाच. स्वरांची नावं चिनी अक्षरांत लिहितात. स्वर वरच्या सप्तकातला असेल, तर अक्षराला डावीकडे पाण्याची खूण जोडतात, तीन छोटे थेंब. आपण तार सप्तकाला डोक्यावर टिंब देतो, तसंच.

आणि 'आरिरांग' हे कोरियन लोकगीत ऐका. सगळ्यांच्या ओठांवर असलेली त्याची चाल भूपाच्या पाच स्वरांत बसते. चलन भूपाचं नाही, पण मराठी कान क्षणभर थबकतो.

[पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

मग हे संगीत मुलांना शाळेत, तेही मुद्दाम का शिकवावं लागतं?

1910 ते 1945 जपानची राजवट होती. त्या काळात शाळेत पाश्चात्त्य वळणाची गाणी रुजली. पुढेही 'संगीत' म्हटलं की पियानो डोळ्यांसमोर यायचा, आणि स्वतःच्या संगीताला वेगळ्या नावानं ओळखावं लागलं: गुगाक, म्हणजे देशाचं संगीत. 1951 मध्ये, कोरियन युद्ध पेटलेलं असताना, बुसानमध्ये राष्ट्रीय गुगाक केंद्र उभं राहिलं. 1978 मध्ये सोलच्या एका छोट्या रंगमंचावर चार वादकांनी नोंगाकची चार वाद्यं बसून वाजवली, आणि त्यातून 'सामुलनोरी' ही वादनशैली जन्माला आली. 2000 पासून गुगाकचे कलाकार शिक्षक म्हणून शाळांमध्ये जाऊ लागले. तरीही 2022 मध्ये नवा अभ्यासक्रम ठरत असताना गुगाकचा भाग गळणार, अशी भीती पसरली. कलाकार आणि शिक्षकांनी जाहीर निषेध केला, तेव्हा तो टिकला.

[पडद्यावर: पुन्हा वर्ग. चार मुलं, चार वाद्यं.]

तासाची शेवटची काही मिनिटं. क्वेंग्वारी ही छोटी घंटा-थाळी, तिला वीज म्हणतात. जांगू म्हणजे पाऊस. बुक हा पिंपासारखा ढोल, तो ढग. आणि जिंग, मोठी घंटा-थाळी, म्हणजे वारा. वीज जरा जास्तच कडाडते, पाऊस पुढे पळतो, ढग मागे राहतात. शिक्षक हसतात. तोंडानं बोल म्हणत सगळ्यांना पुन्हा एका ठेक्यावर आणतात.

मग सगळ्यांना थांबवून जिंगवर एकच ठोका. डोळे मिटा. नाद ऐकू येईनासा झाला की हात वर करा.

एक हात वर जातो. मग तीन. मग सात-आठ.

खिडकीशी बसलेल्या एका मुलीचा हात अजून मांडीवरच आहे.