गोटी, बिल्ला आणि दाब

सोडा म्हणजे पाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड. तो किती मावणार, हे तापमान ठरवतं. 15 अंश सेल्सिअसला, साध्या हवेच्या दाबाखाली, एक लिटर पाणी जवळपास एक लिटर वायू सामावून घेतं. 35 अंशांना जेमतेम 600 मिली. जोमदार सोड्यात तर लिटरमागे चार लिटर वायू कोंबलेला असतो. भरताना पाणी गार, म्हणून आतला एकूण दाब हवेच्या चौपट. तीच बाटली मे महिन्यात टेम्पोतून दादरला पोचेपर्यंत तो पावणेसातपटीच्या घरात जातो. तेव्हा बाटलीची जाडी, तोंड, तळ आधी या आकड्यांवर ठरतात. नक्षी मागाहून.

सुरुवातीला बूच होतं. ते सुकलं की आकसतं आणि वायू निसटतो. म्हणून 19व्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम हॅमिल्टनच्या नावाने ओळखली जाणारी निमुळत्या, गोल बुडाची बाटली आली. ती उभी राहतच नाही. आडवीच ठेवावी लागते, त्यामुळे बूच कायम ओलं राहतं.

मग 1872 चं हायरम कॉडचं पेटंट, म्हणजे आपला गोटी सोडा. यात बूच नाही, तार नाही. झाकण घट्ट बसवायचं काम वायूच करतो. तोंडाच्या आतल्या खाचेत रबराचं कडं असतं. भरताना आधी सिरप घालायचं, मग बाटली यंत्राच्या पिंजऱ्यात अडकवायची. दाबाखालचं सोड्याचं पाणी आत शिरलं की पिंजरा फिरवून बाटली उलटी करायची. गोटी घरंगळत तोंडाशी येते. बाहेरचा दाब सोडला की आतला वायू तिला रबरावर दाबून धरतो. आत दाब जितका जास्त, तितकं तोंड घट्ट.

बिघाड बहुतेक त्या कड्यापाशीच होतो. रबर कडक झालं, त्यावर वाळूचा कण बसला, ओठाचा टवका उडाला, की दुकानात जाईपर्यंत सोडा मिळमिळीत. दुसरी अडचण धुण्याची. मानेखाली काच मुद्दाम चिमटलेली असते, नाहीतर गोटी पोटात पडेल. पण त्याच चिमट्यामुळे ब्रश नीट आत जात नाही. पिताना मानेवरचे दोन खळगे खालच्या बाजूला ठेवायचे. गोटी त्यांवर अडते आणि धार मोकळी राहते. वरच्या बाजूला ठेवले, तर गोटी पुन्हा तोंडात येऊन बसते.

(या बाटल्यांची काच इतकी जाड, की मुंबईच्या दंगलींत त्या सर्रास फेकल्या जात. कॉडने हा उपयोग काही पेटंटात लिहिला नव्हता.)

दिनशॉजी पांडोळे यांनी 1889 मध्ये मुंबईत ड्यूक्स ही सोड्याची कंपनी सुरू केली, तेव्हा पोरं ज्याला बिल्ला म्हणतात ते पत्र्याचं झाकण निघालंच नव्हतं. त्याचं पेटंट बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरला 1892 मध्ये मिळालं. त्याच्या झाकणाला 24 दाते होते, आज 21 असतात. आतलं अस्तर आधी बुचाचं होतं, पुढे प्लास्टिकचं आलं. दाबून बसवल्यावर बिल्ल्याचा बाहेरचा व्यास साधारण 28.6 ते 28.8 मिमी हवा. व्यास जास्त झाला तर पकड सैल आणि गळती. फार कमी झाला तर बाटलीचा ओठ तडकायची भीती. म्हणून भरणीच्या रांगेवर गेज, म्हणजे व्यास मोजायचं माप, घेऊन माणूस सतत तपासत असतो.

आता सगळ्यांच्या ओळखीची कोका-कोलाची बाटली. 1915 मध्ये अमेरिकेतल्या टेरे होट इथल्या रूट ग्लास कंपनीत अर्ल डीनने तिचं रेखाटन केलं, कोको फळाच्या चित्रावरून. कोकोचा त्या पेयाशी काडीचा संबंध नाही! पहिल्या नमुन्याचं पोट बुडापेक्षा रुंद निघालं, त्यामुळे भरणीच्या पट्ट्यावर ती डगमगे. 1916 च्या बाटलीत पोट आवळलं आणि आज दिसणारा बांधा आला. काच 14.5 औंसांपेक्षा कमी नको, अशी अट होती; म्हणजे सुमारे 410 ग्रॅम काचेत 190 मिली पेय. परत येणाऱ्या बाटलीला एवढी काच परवडते, कारण ती पुन्हा पुन्हा भरली जाते.

काचेतून वायू जात नाही. पेट, म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीतून मात्र तो हळूहळू झिरपतो. शिवाय पेटचा तळ सपाट ठेवला तर दाबाने बाहेर फुगतो आणि बाटली डोलते, म्हणून त्याला पाकळ्यांसारखे पाच पाय दिलेले असतात. लहान बाटलीत पेयाच्या मानाने भिंत जास्त, त्यामुळे तिच्यातला वायू लवकर उतरतो. एकाच पेयाच्या 250 मिली आणि दोन लिटरच्या बाटल्या एकाच दिवशी भरल्या, तरी छोटी आधी मिळमिळीत होते.