चर्मपत्र जुने, शाई नवी

अमेरिकेतील न्यू हेवन येथे येल विद्यापीठाचे बायनेकी ग्रंथालय १९६३ मध्ये सुरू झाले. दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखिते जपण्यासाठी उभारलेल्या या इमारतीच्या दर्शनी भिंतींना वास्तुशिल्पकार गॉर्डन बन्शाफ्ट यांनी खिडक्या ठेवल्या नाहीत. त्यांनी जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचे संगमरवरी तक्ते बसवले. त्यांतून मधाच्या रंगाचा प्रकाश आत झिरपतो आणि कागद, कातडे, शाई यांना मारक असलेले थेट ऊन बाहेरच अडते. मध्यभागी उभा आहे तो काचेचा सहा मजली ग्रंथमनोरा. १९७७ मध्ये येथील पुस्तकांना कीड लागली, तेव्हा विषारी औषधे न फवारता पुस्तके गोठवून ती कीड मारण्यात आली.

वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही; टिपणे पेन्सिलीनेच काढायची. बांधणीवर ताण येऊ नये म्हणून ग्रंथ उतरत्या आधारावर अर्धवट उघडा ठेवतात आणि पान हाताने दाबण्याऐवजी त्यावर कापडात गुंफलेली वजनाची माळ ठेवतात. ही सारी काळजी कशासाठी, हे व्हिनलंड नकाशाच्या तपासणीवरून कळते.

कोलंबसाच्या आधी युरोपात उत्तर अमेरिकेचा किनारा ठाऊक होता, असे सुचवणारा हा नकाशा येलने १९६५ मध्ये जगापुढे मांडला. चर्मपत्र खरोखरच पंधराव्या शतकातले होते. शंका होती ती शाईविषयी. विद्यापीठाच्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, एकही कण न खरवडता, रेघांमधील मूलद्रव्ये तपासली. मध्ययुगीन शाईत भरपूर असणारे लोह येथे जवळजवळ नव्हते. त्याऐवजी रेघारेघांत टायटॅनियम आढळले, आणि टायटॅनियमचे रंगद्रव्य १९२० च्या दशकापासूनच वापरात आले आहे. मागच्या बाजूची लॅटिन नोंदही नव्या शाईने गिरवलेली निघाली. मूळची ती नोंद बहुधा पुस्तक बांधणाऱ्याची होती. ती नकाशाविषयी वाटावी, अशा रीतीने बदललेली होती. बनावट हेतुपुरस्सर होती, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता असणार?

२०२१ मध्ये येलने स्वतःच्याच संग्रहातील हा नकाशा बनावट असल्याचे जाहीर केले. नॉर्स लोक, म्हणजे व्हायकिंग काळातील स्कँडिनेव्हियन दर्यावर्दी, उत्तर अमेरिकेत पोहोचले होते, हे कॅनडातील न्यूफाउंडलंडमधील उत्खननाने त्याआधीच स्वतंत्रपणे सिद्ध झालेले आहे.

याच ग्रंथालयातील, अज्ञात लिपीत लिहिलेल्या व्हॉयनिच हस्तलिखिताची सर्व पाने आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. ही सोय मोठी आहे, यात वाद नाही. परंतु त्याचे चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातील असल्याचे किरणोत्सारी कार्बनच्या मापनातून समजले, ते पानांच्या कडांचे बारीक तुकडे प्रयोगशाळेत गेल्यामुळे. छायाचित्रावरून ते कधीच समजले नसते. लिपी अद्याप उलगडलेली नाही. म्हणूनच मूळ प्रतींच्या जतनावरचा खर्च डिजिटल प्रती तयार झाल्या म्हणून कमी करता येत नाही, आणि व्हिनलंड नकाशाही खोटा ठरल्यानंतर अभ्यासासाठी याच संग्रहात ठेवलेला आहे.