ओट्याच्या पलीकडची बैठक

मित्रहो, फ्लॅटचे नूतनीकरण काढले की स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडायची, तिच्या जागी एका टोकाला भिंतीला जोडलेला आणि बाकी तीन बाजूंनी मोकळा ओटा बांधायचा आणि पलीकडे स्टुले मांडायची, असे आता पुष्कळ घरांत ठरते. या ओट्याला पेनिन्सुला म्हणतात. ती भिंत इमारतीचा भार पेलणारी नाही ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेणे आणि सोसायटीची लेखी परवानगी मिळवणे, या गोष्टी आपण केल्या आहेत असे धरून मी थेट बैठकीकडे वळतो. कारण दगड, ट्रॉल्या आणि चिमणी यांवर घरात महिनाभर खल होतो आणि स्टुलांचा विचार मात्र गवंडी-सुतार निघून गेल्यावर होतो.

आमच्या घरी नेमके हेच झाले. ओटा 34 इंच उंचीचा आणि दुकानातून आणलेली स्टुले 30 इंचांची, त्यामुळे मांड्या दगडाखाली जातच नव्हत्या. ती स्टुले 42 इंच उंच काउंटरसाठी असतात, हे आम्हाला नंतर कळले. बैठक आणि ओट्याचा वरचा पृष्ठभाग यांत 10 ते 12 इंचांचे अंतर हवे, म्हणून आम्ही 24 इंचांची स्टुले आणली आणि तेव्हा दुसरी चूक उघडी पडली. दगड बाहेर आला होता जेमतेम 6 इंच. बसणाऱ्याचे गुडघे ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर आपटत, म्हणून जो तो तिरका बसे. वर्षभरात त्या फळीवर गुडघ्यांच्या उंचीला काळपट डागांची एक ओळच उमटली.

गुडघ्यांसाठी दगड किती बाहेर काढावा, हे ओट्याच्या उंचीप्रमाणे बदलते. 36 इंचांच्या ओट्याला सुमारे 15 इंच पुरतात. 42 इंचांच्या काउंटरला 12 इंच चालतात, कारण तिथे पाय अधिक सरळ खाली येतात. आणि 30 इंचांच्या, म्हणजे टेबलाच्या उंचीला 18 इंच लागतात. आपल्याकडचा ग्रॅनाइट बहुधा 18 ते 20 मिलिमीटर जाडीचा असतो, तो 15 इंच अधांतरी सोडू नये. खाली लोखंडी ब्रॅकेट हवेत, आणि ते दगड बसवण्याआधी हवेत. कारण मोठी माणसे त्या कडेवर कोपर टेकून रेलतात आणि मुले तिला धरूनच वर चढतात.

माणशी 24 इंच रुंदी धरावी. 6 फुटांच्या ओट्यावर हिशेबाने तिघे मावतात, पण ताट, वाटी आणि तांब्या-भांडे मांडून जेवायचे असेल, तर भिंतीलगतच्या माणसाचा कोपर अडतो. तिथे मी दोनच स्टुले ठेवीन. ओट्याच्या कडेपासून मागच्या सोफ्यापर्यंत, पाठीमागून कोणी जाणार नसेल तर 32 इंच पुरतात, पण तीच नेहमीची वाट असेल तर 44 इंच सोडावेत.

शेगडी या ओट्यावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फोडणीतली मोहरी समोर बसलेल्या मुलाच्या तोंडावर उडते. शेगडी मागच्या भिंतीला असावी आणि दोन ओट्यांमध्ये साडेतीन फुटांची वाट असावी, म्हणजे पोळ्या करणारी व्यक्ती तव्यावरची पोळी उचलून नुसती वळते आणि ती वाफाळती पोळी थेट पलीकडच्या ताटात पडते. माझ्या लेखी या रचनेचे खरे सुख हेच आहे.

घरात वयस्कर माणसे असतील तर मात्र उंच स्टूल हा उपाय नव्हे. माझ्या आईला त्यावर चढता येत नसे आणि चढलीच तर पाय लोंबकळून मुंग्या येत. शेवटी आम्ही ओट्याच्या टोकाला 30 इंच उंचीचा, चार फुटांचा लाकडी भाग जोडला आणि तिथे पाठ असलेल्या साध्या खुर्च्या ठेवल्या. आता ती सकाळी तिथे बसून मेथी निवडते, गवार मोडते, आणि ओट्याच्या आतल्या बाजूच्या माणसाशी तिचे बोलणे चालू राहते.

दगडाची ऑर्डर देण्यापूर्वी विटांच्या थरांवर प्लायची फळी ठेवून नियोजित उंचीचा, बाहेर काढलेल्या कडेसह कच्चा ओटा उभा करावा आणि घरातल्या प्रत्येकाने, सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या माणसाने तर नक्कीच, दोन दिवस त्यावर जेवून पाहावे.