पराभवाची नोंद ठेवणारा खेळ

मिनिएचर वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून फाशांच्या आधारे लढाया खेळण्याच्या छंदात, काही जण जिंकण्यासाठी खेळतात आणि काही जण कथेसाठी, असे सर्रास म्हटले जाते. मला ही विभागणी फारशी पटत नाही, कारण कथेसाठी खेळणाऱ्यालाही जिंकायचे असतेच. खरा फरक लढाई संपल्यानंतर सुरू होतो. स्पर्धेत गारद झालेली पलटण पुढच्या फेरीत जशीच्या तशी उभी राहते. कथाप्रधान खेळात मात्र तिच्या नुकसानीची वहीत नोंद होते आणि ती नोंद पुढच्या लढाईत आडवी येते. कल्पित जगाचा इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी, देवदेवतांची नावे हे सारे मला आवडते. पण माझ्या मते कथा उभी राहते ती या नोंदीवर.

या खेळाच्या मुळाशी पंच आहे, हे आज सहसा लक्षात राहत नाही. प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी घडवलेल्या आणि 1824 साली नियमबद्ध झालेल्या युद्धखेळात शत्रू कुठे आहे हे फक्त पंचाला ठाऊक असे, आणि खेळाडूने आपले हुकूम त्याच्याकडे लेखी द्यायचे असत. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम लिहिले, तेव्हा नमुन्यादाखल दिलेल्या लढाईचे वर्णन त्यांनी स्वतः सेनापती होऊन, त्याच फुशारकीच्या सुरात केले. पुढे इंग्लंडमध्ये टोनी बाथ यांनी काल्पनिक राज्यांची एक मोहीम, म्हणजे एकीचा परिणाम पुढचीवर होणाऱ्या लढायांची मालिका, वर्षानुवर्षे चालवली आणि तिच्यातल्या राजांचे व सरदारांचे स्वभाव पत्ते ओढून ठरवले, म्हणजे कोण लोभी, कोण निष्ठावंत, कोण भेकड, हे आधीच पक्के असे. 1983 साली आलेल्या ‘वॉरहॅमर’ या काल्पनिक जगातल्या युद्धखेळाच्या पहिल्या आवृत्तीतही प्रसंग रचणारा आणि निवाडा करणारा गेममास्टर गृहीत धरलेला होता. म्हणून कथाप्रधान खेळ ही अलीकडची हौस आहे असे कोणी म्हणाले, तर त्यात तथ्य नाही.

नियमांतून कथा कशी निघते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला 1999 सालच्या ‘मोर्डहाइम’ या वॉरहॅमरच्याच जगातल्या खेळामध्ये दिसते. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेल्या एका शहरात छोट्या टोळ्या मौल्यवान खड्यांसाठी झुंजतात, एवढीच त्याची पार्श्वभूमी. टोळीतला एखादा सामान्य साथीदार गारद झाला, तर लढाईनंतर एक फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले की तो मेला, म्हणजे मरण्याची शक्यता एक-तृतीयांश. नायकासाठी मात्र दोन फाशांतून 36 निकालांचा तक्ता वापरतात आणि त्यातले सरळ मृत्यूचे निकाल केवळ पाच आहेत. उरलेल्या निकालांमध्ये पायाची जखम आहे, एक डोळा जाणे आहे, शत्रूच्या हाती कैद होणे आहे, ज्याने पाडले त्याच्याविषयीचे कायमचे वैर आहे. एक जुनी जखम तर अशी आहे की प्रत्येक लढाईआधी फासा टाकावा लागतो, आणि एक पडला तर तो गडी त्या दिवशी मैदानात उतरूच शकत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी इथे मोठी समज दाखवली आहे: नायक इतका सहज मरत नाही की त्याला चरित्रच मिळू नये, आणि इतका सुरक्षितही नाही की त्याची काळजी वाटू नये. कैदेत पडलेल्या नायकाची खंडणी देऊन सुटका करायची की ते पैसे नव्या शस्त्रांवर खर्च करायचे, यावर खेळाडू जेव्हा मनापासून अडतो, तेव्हा कोणी लेखणी न उचलताही कथा पुढे सरकलेली असते.

आता समतोलाचा प्रश्न. पॉइंट्स, म्हणजे प्रत्येक पलटणीच्या ताकदीचे ठरवलेले गुण, मोजून दोन सैन्ये सारखी करण्याची पद्धत अनोळखी माणसांना एकत्र खेळता यावे म्हणून फार उपयुक्त आहे, आणि तिची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. 2015 साली वॉरहॅमरचा नवा अवतार ‘एज ऑफ सिग्मार’ पॉइंट्सशिवाय आला तेव्हा अनेक खेळाडू गोंधळले. पुढच्याच वर्षी पॉइंट्स आले आणि मुक्त, कथाप्रधान व समतोल असे खेळाचे तीन प्रकार अधिकृतपणे सांगितले गेले. तरीही विषम लढाईची गोडी वेगळीच. 1879 साली दक्षिण आफ्रिकेत थोड्याशा ब्रिटिश सैनिकांनी मोठ्या झुलू फौजेविरुद्ध राखलेल्या रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्याच्या वेढ्यावरून 1985 साली ऑर्कांच्या, म्हणजे कल्पित राक्षसी टोळ्यांच्या, स्वारीचा एक प्रसंगसंच निघाला होता. अशा प्रसंगात मूठभर रक्षकांनी शत्रूला संपवावे अशी अपेक्षाच नसते. ठरलेल्या पाळीपर्यंत ठाणे टिकले, तर ते जिंकले. जिंकण्याची अट नीट लिहिली की सैन्ये सारखी नसली तरी चालते.

नोंदी पुढे नेणाऱ्या मोहिमांचा खरा शत्रू म्हणजे साठत जाणारी ताकद. जिंकणारी टोळी श्रीमंत होते, श्रीमंत टोळी पुन्हा जिंकते, आणि शेवटच्या क्रमांकावरचा खेळाडू हळूहळू यायचा थांबतो. बलाढ्य टोळीशी लढणाऱ्या दुबळ्या टोळीला जादा अनुभवगुण देण्याची ‘मोर्डहाइम’मधली तरतूद याच्यावरचाच उपाय आहे, पण ती एकटी पुरत नाही. म्हणून मोहीम मांडतानाच तिचा शेवटचा प्रसंग ठरवून ठेवावा, आणि त्यात मागे पडलेल्यांना एक खास भूमिका द्यावी: शहराचे चोरवाटांचे नकाशे त्यांच्याकडे असावेत, किंवा अव्वल टोळीविरुद्ध एकत्र येण्याची मुभा फक्त त्यांनाच असावी. ज्याची टोळी तीन लढायांपूर्वीच मोडली आहे, त्यालाही मग त्या दिवशी यायचे कारण उरते.